समुद्र नसलेल्या गावातलं कोळ्याचं घर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या शेजारच्या सुतारचाचांवर अन्याय झाला. साखरखेर्ड्यातल्या घरांच्या नोंदी करायला आलेल्या साहेबांनी त्यांच्या दारात उभं राहून कागदावर लिहिलं, ‘लाकडाचा ढीग’. अख्ख्या जिल्ह्यात असा माणूस दुसरा नाही आणि असं घरही नाही, म्हणून सांगतो, ऐका.

उमेदीची वीस वर्षं चाचांनी कोकणात कोळ्यांची घरं बांधली. गावी परतल्यावर स्वतःसाठी हुबेहूब तसलंच उभं केलं. सागाचे खांब, कंबरेइतकी उंच फळ्यांची जमीन, पुढं जाळी वाळवायला ऐसपैस ओटा, आणि खिळा औषधालाही नाही; सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे.

“चाचा, जमीन एवढी उंच काऊन?”

“भरती आली तं?”

“साखरखेर्ड्यात?”

“तुह्या घरात शिरन बे, माह्या नाही.”

ओट्यावर जाळंसुद्धा आहे. त्यावर चाची मिरच्या वाळवते. “जिंदगीत एक मासोळी नाही सापडली याच्यात,” ती म्हणते, “अन् हे रोज जाळं झटकून पाह्यते.”

खाऱ्या वाऱ्यात लाकूड टिकावं म्हणून कोळी त्याला माशाचं तेल चोपडतात. ते इथं कुठलं मिळायला? चाचांनी सरकीचं चोपडलं. आता सरकी म्हणजे ढोरांचा जीव की प्राण! दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या झाडून साऱ्या गाई चाचांचे खांब चाटत उभ्या. चाचा काठी घेऊन धावले, अर्ध्यात थांबले अन् म्हणाले, “चाटू द्या. पॉलिश होऊन राह्यलं.”

साहेबांच्या कागदावर विटांचं घर होतं, मातीचं होतं, पत्र्याचंही होतं, लाकडाचं नव्हतं. मग ढीग! रस्त्यालगत आहे, उचला म्हणाले. हे त्यांनी त्याच ढिगाच्या ओट्यावर बसून, चाचीच्या हातचा चहा पीत सांगितलं. मी भांडायला उठलो, तर चाचांनीच मला खाली बसवलं. “पाव्हणे हायेत.”

परवा मी विचारलं, पाडावंच लागलं तर? चाचा खांबावरून हात फिरवत राहिले. “पाडाले काय लागते? खुंट्या काढल्या का अर्ध्या दिवसात उतरते. पण तिकडं आम्ही बांधले त्यातलं एक नाही राह्यलं बेटा. सारे सिमेंटचे झाले. मले पाहाले हेच हाये.”

शुक्रवारी ग्रामसभेत तो ढीग उचलायचा ठराव आहे. तुमची हळहळ घरी ठेवा. दहा वाजता या आणि ठरावाच्या विरोधात हात वर करा.