लाल पाटी

इथे आखातात वाळूचं वादळ ओसरलं की विमानतळावरच्या पाट्या पुसायचं काम आमच्याकडे येतं. पिवळी पाटी वैमानिकाला वाट दाखवते. लाल पाटी बजावते, समोर धावपट्टी आहे, नियंत्रण मनोऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आज सकाळी मी घाईत लाल पाटीवरची नुसती पांढरी अक्षरं चकचकीत केली. आमची गाडी चालवणारे रत्नागिरीचे इस्माईलभाई ओरडले, "अरे सातवी पास, अक्षरं मागनं वाचतात. आधी लाल दिसायला हवं!"

लाल भागावरही फडकं मारून बाजूला झालो, तोच धुरळ्यातून एक विमान सरकत आलं आणि पाटीपाशी थांबलं. क्षणभरानं समोरच्या धावपट्टीवर दुसरं विमान गर्जत उतरलं. ते दिसलं अगदी जवळ आल्यावरच.

शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, यापुढे काही चुकलं तर नुकसान माझं एकट्याचं. आता प्रत्येक लाल पाटी कडेपर्यंत पुसतोय. इस्माईलभाईंचे उपकार मानतो. पण तो वैमानिक लाल रंग बघून थांबला, की कानात आलेल्या मनोऱ्याच्या हुकमावरून, हे मला कधीच कळणार नाही. पलीकडच्या पाट्या अजून मातकटच आहेत, आणि विमानं येतच आहेत.