एकोडीच्या रस्त्यावरचा गोटा

धान निघण्याच्या दिवसांत टिकाराम गहाणे पहाटे उठतो, रिकामे पोते खांद्यावर टाकतो आणि एकोडीहून साकोलीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने चालू लागतो. रस्त्यावर सापडेल तो गोटा उचलून पोत्यात घालतो. पोते जड झाले की कडेच्या खड्ड्यात रिकामे करतो आणि पुढे निघतो. उजाडेपर्यंत दीडेक मैल होतो.

एवढे गोटे रस्त्यावर येतात कुठून, ते बाहेरगावच्या माणसाला सांगावे लागेल. आमच्याकडे आता खळी राहिली नाहीत. यंत्राने कापलेले धान ओले असते आणि डांबरासारखी तापणारी जागा गावात दुसरी नाही. म्हणून अर्ध्या रस्त्यावर धान पसरतात. गाड्या त्यावर चढू नयेत म्हणून भोवताली गोटे मांडतात. संध्याकाळी धान गोळा होते, गोटेही बहुतेक जण उचलतात. एखाद्याचा एखादा राहतो.

गावातली टवाळ मंडळी टिकारामला ‘गोटेमास्तर’ म्हणत. मला पाहून म्हणत, “गुरुजी, तुमी रिटायर झाले अन् हा नवा मास्तर लागला. पगार नाई, पेन्शन नाई!” टिकाराम हसत नसे आणि रागावतही नसे. तो तसाच माणूस. तलावाखाली चार एकर जमीन, दोन मुले, दोघेही माझ्या हाताखाली शिकले. शेजाऱ्याकडून आणलेले पातेले परत देताना त्यात मूठभर तांदूळ घालून द्यायचा. रिकामे भांडे त्याने कुणाला दिले नाही.

तो गोटे का उचलतो, हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हते. आता साऱ्या गावाला माहीत आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आभाळ अचानक भरून आले. टिकारामचे धान रस्त्यावर होते. त्याने आणि त्याच्या बायकोने, रुखमिणीने, घाईघाईने ते ट्रॉलीत भरले. रुखमिणी म्हणाली, “गोटे?” टिकाराम म्हणाला, “सकाळी उचलतो.”

सकाळी, अजून नीट दिसतही नव्हते तेव्हा, सानगडीचा चंद्रकुमार वलथरे मोटरसायकलवरून मासे घेऊन येत होता. मासेमार ढीवराचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. मागे निळा डबा बांधलेला, त्यात पाण्यात जिवंत मरळ आणि शिंगी. साकोली ओलांडून तो आठवड्यातून दोनदा आमच्या गावात येई. मीही त्याच्याकडून मासे घेत असे. वजन करताना काटा स्थिर होईपर्यंत थांबायचा आणि घाई करणाऱ्याला म्हणायचा, “थांबा ना काका, मासा तं थांबला आहे.”

त्याच्या गाडीचे पुढचे चाक टिकारामच्या एका गोट्यावर चढले.

गोटे उचलायला निघालेला टिकारामच तिथे पहिला पोचला. चंद्रकुमार कडेला पडला होता, रस्त्यावर पाणी पसरले होते आणि मासे तडफडत होते. टिकारामने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि हाका मारल्या. माणसे धावली. ऑटोत घालून नेले, पण साकोलीला पोचेपर्यंत तो गेला. ऑटो निघाला तेव्हा टिकारामने सगळे गोटे उचलून खड्ड्यात टाकले आणि तो एक घरी नेला. तीन-चार जणांनी पाहिले. कोणी बोलले नाही. सगळ्यांचेच धान रस्त्यावर वाळत होते.

पंचनामा झाला तेव्हा रस्ता स्वच्छ होता. ‘अतिवेगामुळे वाहनावरील ताबा सुटला’ असे लिहिले गेले. समोर जे होते त्यावरून ते लिहिले होते. पंच म्हणून सही करणाऱ्या दोघांत एक मी होतो. डांबरावर धानाचे दाणे चिकटलेले मला दिसले होते. मी काही विचारले नाही.

चंद्रकुमारची आई सुंदरबाई सगळ्यांना सांगत फिरली. “पान्याचा डबा घेऊन कोन पळवते गाडी? पानी हिंदळलं तं मासे मरतेत. सायकलच्या बरोबरीनं चालवे माहा पोरगा.” लोक मान हलवत आणि पाठ फिरली की म्हणत, आजकालची पोरे, दुसरे काय. कोणी म्हणाले प्यायला होता. तो पीत नव्हता.

त्यानंतर टिकारामने रस्त्यावर धान घातले नाही आणि पोते घेऊन हिंडायला लागला.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात सरकारी माणसे आली. पुढच्या काही वर्षांत वाहतुकीच्या कोणत्या तंत्रज्ञानावर संशोधन करायचे, त्याचा आराखडा तयार होत होता आणि त्यासाठी रस्त्याकाठच्या गावांना विचारायचे ठरले होते. बोलणारी शुभांगी नावाची तरुण इंजिनिअर होती. मॅडम नागपूरच्या, त्यामुळे आमची बोली त्यांना परकी नव्हती. त्यांनी समजावले की उद्याच्या गाड्या एकमेकींशी बोलतील. पुढच्या गाडीला काही आडवे आले तर ती मागच्या गाड्यांना कळवेल, रस्त्याकाठचे खांब कळवतील, मोटरसायकलवाल्याच्या हँडलवर दिवा लागेल.

“म्हंजे म्हैस बसली रस्त्यात तं गाडी फोन करन?” मागून कोणी विचारले.

“तसंच समजा,” मॅडम म्हणाल्या.

“अन् म्हशीनं उचलला नाई तं?”

सभागृह हसले. “आमची बस येतच नाई मॅडम, ते कोनाशी बोलन?” असेही एक जण म्हणाला. मॅडमही हसल्या आणि मग त्यांनी भिंतीवर आकडे दाखवले. या रस्त्यावरचे गेल्या काही वर्षांतले अपघात आणि त्यांची कारणे. अतिवेग, दारू, जनावरे, धुके, खड्डे.

“यंत्राला काय ओळखायला शिकवायचं, ते या यादीवरून ठरणार आहे,” त्या म्हणाल्या. “इथं आणखी काही आडवं येत असेल तर सांगा. ज्याची नोंद नाही, त्याचा अभ्यास मी कशाच्या आधारावर मागू?”

सगळ्यांना एकच गोष्ट आठवली असणार, कारण जो तो खाली पाहू लागला. मग गावातले वडीलधारे गोमाजी उठले. “नाई मॅडम. आमच्या रस्त्यावर दुसरं काई नसते.”

“असते,” टिकाराम म्हणाला.

तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. गोमाजी वळून म्हणाले, “टिकाराम, बस खाली.”

“पाच वर्सं बसलोच आहो ना, मामा.” त्याने दुपट्टा गळ्यातून काढला आणि हातात धरला. “गोटे असतेत, मॅडम. धानाचे. माह्या गोट्यानं मानूस मेला. त्या यादीत पाहा, सानगडीचा पोरगा. काय लिहिलं हाये?”

मॅडमनी त्याला महिना विचारला, कागद उलटले. “अतिवेग.”

“नाई. धीरे होता तो. गोटा माहा होता. मीच उचलून नेला.”

मॅडमनी पेन खाली ठेवले. मग हलक्या आवाजात विचारले, “केवढा होता, काका?”

टिकारामने हाताने माप दाखवले, ते त्याला पटेना. “थांबा,” म्हणून तो घरी गेला. तो येईपर्यंत सभागृहातून एकही माणूस उठला नाही. त्याने टेबलावर ठेवलेला गोटा नारळाएवढा, काळपट होता. रुखमिणीने मला नंतर सांगितले की तो इतकी वर्षे धानाच्या कोठीमागे होता आणि झाडताना ती तेवढी जागा सोडून झाडत असे.

मॅडमनी गोट्याला पट्टी लावली, फोटो घेतले, टिकारामचे सांगणे जसेच्या तसे लिहिले. “पहाटे डांबराच्या रंगात मिसळलेला एवढा गोटा ओळखणं कॅमेऱ्याला कठीण आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच त्यावर काम व्हायला हवं. मी ते आराखड्यात मागते. मंजूर होईलच असं नाही सांगत. आणि पोलिसांची नोंद बदलणं माझ्या हातात नाही.”

“ते मी पाहतो,” टिकाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यावरून मी जबाब लिहिला. खाली माझीही दोन वाक्ये लिहिली, धानाच्या दाण्यांची. तो पोलीस ठाण्यात देऊन आम्ही तिथूनच सानगडीची बस धरली. मॅडमनी आपल्या नोंदीची एक प्रत दिली होती, ती माझ्या खिशात होती. गोटा टिकारामच्या पिशवीत होता.

सुंदरबाई अंगणात जाळे दुरुस्त करत बसल्या होत्या. मी ओळख सांगितली. टिकाराम बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळे सांगितले. “आभाळ आलं म्हनून घाई झाली” एवढेही तो म्हणाला नाही.

सुंदरबाईंच्या हातातली सुई थांबली होती. जाळे बाजूला सारून त्यांनी विचारले, “तुमीच का डोस्कं मांडीवर घेतलं होतं?”

“हो, बाई.”

“बोलला का काई?”

“नाई. डब्याकडं पाहे.”

त्यांनी पदर तोंडावर धरला. मी मॅडमची प्रत खिशातून काढली तशा माझ्याकडे वळल्या. “वाचा, गुरुजी. काय लिहिलं ते वाचा.”

मी वाचले. ‘कारण : धान वाळविण्यासाठी ठेवलेला व रस्त्यावर राहिलेला दगड. वाहनाचा वेग कमी.’

“अजून एक बार वाचा.”

मी पुन्हा वाचले.

“वेग कमी,” त्या स्वतःशी म्हणाल्या. “मी सांगत होती तं कोनी आयकेना.” टिकारामने क्षमा मागितली नाही, त्यांनीही केली नाही. “आता जा तुमी,” त्या त्याला म्हणाल्या. तो पिशवी उचलायला वाकला तशा म्हणाल्या, “गोटा ठेवा. तो नोका नेऊ.”

चौकशी अजून चालू आहे. गोमाजी टिकारामशी बोलत नाहीत आणि गावातल्या दोन घरांनी त्याला लग्नाचे निमंत्रण दिले नाही. मॅडमचे पत्र आले. मागणी पुढे पाठवली आहे, निर्णय व्हायचा आहे. या वर्षीही रस्त्यावर धान पडले आणि टिकाराम पोते घेऊन निघाला. एक फरक झाला. आता दोघे-तिघे संध्याकाळी स्वतःचे गोटे मोजून नेतात.

मागच्या महिन्यात सानगडीच्या बाजाराला गेलो होतो. सुंदरबाई मासे विकत होत्या. टोपलीशेजारी तो गोटा ठेवलेला. मासे घेणाऱ्या एका बाईने विचारले, हा कशाला?

“माहा पोरगा याच्यावरून पडला,” सुंदरबाई म्हणाल्या. “धीरे चालवे तो. सरकारच्या कागदात लिहिलं हाये.” आणि काटा स्थिर व्हायची वाट पाहत थांबल्या.