उन्हाळ्याच्या गाण्यातली धाप

माझी थोरली माझ्यापासून काहीतरी लपवते आहे, ही शंका मनातून जात नाही. ती लाँड्रीत इस्त्री करते आणि कॉलेजपासून समूहगायनात गाते. उन्हाळ्याच्या स्वागतगीताचा सराव ती दरवर्षी इस्त्री करताकरता मोठ्यानं करायची. यंदा तोंडातून चकार शब्द नाही. विचारलं तर म्हणते, “गळा जपतेय गं, आई.”

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणून काल तालमीला जाऊन बसले. ऊन वर येतं त्या ओळीला सूर खूप लांबवायचा असतो. तो तुटू नये म्हणून शेजारशेजारच्या गायिका आळीपाळीनं श्वास घेतात. माझी लेक मात्र सारखीच श्वास घेत होती आणि तिची मैत्रीण एकटीच दोघींचा सूर ओढत होती.

बाहेर मी त्या मैत्रिणीला गाठलं.

“काकू, गाणं ऐकायला आलात की पहारा द्यायला?” ती हसली आणि मागून आलेल्या लेकीकडे तिनं नजरेनं खूण केली.

“धाप लागते ना तुला?” मी लेकीलाच विचारलं.

“कार्यक्रम होऊ दे, मग दाखवू.”

म्हणजे तिला माहीत आहे! डॉक्टर गाऊ देणार नाहीत, एवढीच तिला भीती. अबोला धरला तर धरू दे. सकाळी दवाखाना उघडला की डॉक्टरीणबाईंना मीच फोन करणार आहे.