प्रयोग न झालेली संहिता

आमच्या जिल्ह्यात एक सांस्कृतिक संस्था दर वर्षी नवोदित नाटककाराला पुरस्कार देते. नियम मोजके आहेत. लेखकाचं वय पस्तिशीच्या आत हवं आणि संहितेचा प्रयोग आधी कुठेही झालेला नसावा. निवडलेलं नाटक मुंबईतली एक व्यावसायिक नाट्यसंस्था रंगमंचावर आणते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने खरा पुरस्कार तोच. समितीवर आमच्या वर्तमानपत्राचा एक माणूस असतो. काही वर्षं तो मी होतो. मला मत देण्याचा अधिकार नव्हता. फोन घेणं आणि बैठकीचं इतिवृत्त लिहिणं ही माझी कामं.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोन संहिता उरल्या. एक पनवेलच्या मुलाची होती. दुसरी थळच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या बाईची. ती अलिबागला एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. नवरा जहाजावर, सासू वारलेली, घरात ती आणि सासरे. तिच्या नाटकात जेटीवर तीन बायका एका बोटीची वाट बघतात. बोट लांबून दिसते, तिच्यावर दोनच माणसं आहेत. ती किनाऱ्याला लागण्याआधी नाटक संपतं. दोन्ही परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता हीच संहिता पहिली ठरवली होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

निकालाच्या आधी तिचा मला फोन आला.

"गावात कळलंय," ती म्हणाली. "पहिला मान देवीचा म्हणतात. नवी होडीसुद्धा आधी देवीला दाखवतात, मग पाण्यात घालतात. नाटक बाहेर जायच्या आधी देवीपुढं झालं पाहिजे."

"प्रयोग झाला तर तुमचं नाव बाद होईल."

"पंचांना सांगितलं मी. म्हणतात, देवीपेक्षा तुझी कमिटी मोठी काय?"

मी अध्यक्षांना विचारलं. ते कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक, दोन परीक्षकांपैकी एक. म्हणाले, वाचन चालेल. खुर्चीवर बसून, हातात कागद धरून. त्यापलीकडे काही नको. मी तिला तसं कळवलं. तिने माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

देवळासमोर वाचन झालं. मी गेलो नव्हतो. आठवड्याभराने समितीकडे एका अनोळखी नंबरावरून व्हिडिओ आला. लांबून काढलेला, हलता. खुर्च्या दिसत होत्या, कागद दिसत होते. शेवटी कोणीतरी उभं राहिल्यासारखं वाटत होतं, पण पुढे बसलेल्यांच्या डोक्यांआड काही नीट कळत नव्हतं. अध्यक्षांनी तिला बोलावलं आणि गावातला एक जाणता माणूस साक्षीला आणायला सांगितलं. तिने शाळेच्या मास्तरांना तयार केलं होतं. ऐन दिवशी त्यांना प्रशिक्षणाला जावं लागलं. सासरे म्हणाले, मी येतो.

सासरे एके काळी तांडेल होते, मोठी बोट त्यांच्या हुकमावर चालायची. तरुणपणी गावच्या नाटकांत बायकांची कामं करायचे. गावात बायका रंगमंचावर यायला लागल्या तशी त्यांची कामं थांबली. हे सगळं त्यांनी खुर्चीवर बसायच्या आतच सांगितलं.

अध्यक्षांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुसऱ्या परीक्षक मुंबईच्या दिग्दर्शिका होत्या. किहीमला त्यांचं घर आहे, त्या तिथूनच आल्या होत्या. सून सासऱ्यांच्या शेजारी बसली, किंचित मागे.

"आजोबा, वाचन कसं झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाचन?" म्हातारा हसला. "सायब, वाचन शालंत करतात. आमी नाटक केलं."

सून म्हणाली, "बाबा, चहा घ्या. गार होतोय."

"थांब बाय, सायब इचारतायत ना."

अध्यक्षांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "म्हणजे सगळे उठून बोलत होते?"

"बाकीची बसलेली. त्यांना काय येतंय? कागदात त्वांड घालून बसलेली. मी उठलो. म्हातारीचं काम माझ्याकं होतं. म्हातारी काय खुर्चीवर बसून रडल?"

"कपडे कुठले होते? हेच?"

"न्हाय वं. लुगडं नेसलो."

दिग्दर्शिकाबाईंनी मान वर केली. "स्वतः नेसलात?"

"मंग? कासोटा मी अजून डोले झाकून घालीन. घरवालीचं लुगडं व्हतं, ती गेल्यापासून पेटीतच. म्हटलं, देवीपुढं जायचं तर चांगलं नेसावं."

"आणि तोंडाला काही?"

"पावडर. कुंकू. बस."

सून म्हणाली, "सर, यांनी आयत्या वेळी..."

"बोलू द्या त्यांना," अध्यक्ष म्हणाले. "छान सांगतायत."

खरं तर मुद्दा तिथेच संपला होता. उभं राहणं, पोशाख, रंगभूषा. नियमाला एवढं पुरे होतं. अध्यक्ष थांबले नाहीत. गाणं होतं का? होतं, ढोलकी होती. लोक किती जमले? अख्खा गाव, पार बोडणी गावापासनं मानसं आली. रडले का? म्हाताऱ्याने या प्रश्नावर सुनेकडे अभिमानाने बघितलं. "हिला इचारा. ही सोता रडत व्हती."

तिने चहाचा कप त्यांच्या हाताशी सरकवला.

"शेवटचं वाक्य म्हणून दाखवता?" अध्यक्षांनी विचारलं.

म्हातारा उठला. चपला काढल्या. खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, म्हणजे समुद्राकडे, बघत म्हणाला, "दोगंच हायती ग. मोज तू. माझी नजर गेली."

आवाज हुबेहूब म्हाताऱ्या बाईचा होता. दिग्दर्शिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. फोनवर त्यांचा फोटो काढला, तसाच, पदर घेतलेला. म्हणाल्या, "आजोबा, कमाल आहात तुम्ही."

"सायब, मंग जमलं ना?"

"तुम्ही अगदी स्पष्ट सांगितलंत," अध्यक्ष म्हणाले. "आमचं काम सोपं केलंत."

दोघं जिन्याने खाली उतरत होती तेव्हा वर निर्णय झाला. दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, "वाईट वाटतं. पण आता काय करणार, त्यांनीच सांगितलं." मी इतिवृत्तात 'साक्षीवरून प्रयोग झाल्याचे सिद्ध' असं लिहिलं. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. म्हातारा हातवारे करत तिला काहीतरी सांगत होता. ती रिक्षा बघत होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी, नेहमीप्रमाणे, शेवटच्या फेरीतल्या दोन्ही लेखकांना निकाल कळवायचा होता. मी तिला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. समारंभाला येणार का, असं मी विचारलं.

"येणार ना. बाबांनी गावातनं टेम्पो ठरवलाय."

"त्यांना सांगितलंत का?"

"न्हाय."

टेम्पो भरून माणसं आली. बायकांच्या डोक्यात अबोलीचे गजरे होते. सासऱ्यांनी पांढरा सदरा घातला होता, टोपी नवी होती. ती तिसऱ्या रांगेत त्यांच्या शेजारी बसली. मी कडेला, पत्रकारांच्या खुर्च्यांवर होतो. ती व्यासपीठाकडे फारसं बघत नव्हती. सासऱ्यांकडे बघत होती.

अध्यक्षांनी भाषणात नियमांचं महत्त्व सांगितलं. मग म्हणाले, यंदा एका संहितेच्या बाबतीत गंमत झाली. त्यांनी लुगड्याची गोष्ट सांगितली, पावडर सांगितली, कासोट्याचं वाक्य म्हाताऱ्याच्या ढंगात म्हणून दाखवलं. सभागृह हसलं. टेम्पोतली माणसंही हसली. कोणीतरी म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. तोही हसत होता, मागे वळून सगळ्यांना दाखवत होता की आपलंच बोलणं चाललंय.

नंतर पनवेलच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

टाळ्या संपेपर्यंत म्हातारा टाळ्या वाजवत होता. मग त्याने सुनेला विचारलं, "हा कोन?"

"त्याला मिळालं."

"आन् तुला?"

"मला न्हाय. नाटक आधी झालेलं चालत न्हाय त्यांना. वाचन झालं असं सांगायचं होतं. तुम्ही लुगडं सांगितलंत, ढोलकी सांगितलीत. म्हणून गेलं." आवाज चढलेला नव्हता. मागच्या रांगेतल्या गावकऱ्यांना ऐकू जाईल एवढा मात्र होता. "पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाय. म्हणजे कायमचं गेलं."

मागे कोणी हसत नव्हतं. गावातली एक बाई म्हणाली, "तरी मी म्हनत व्हते, म्हाताऱ्याला पुढं घालू नका."

"तू तवा का न्हाय बोललीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही बोलत होतात, बाबा."

तो उठला आणि पायऱ्या चढून व्यासपीठावर गेला. अध्यक्ष पनवेलच्या मुलाला शाल देत होते. "सायब," तो म्हणाला, "मी लुगडं न्हाय नेसलो. वाचनच झालं. मी खोटं बोललो तवा." माइक चालू होता. सभागृह पुन्हा हसलं, या वेळी जास्त. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "आजोबांनाही एक शाल द्या," असं कार्यकर्त्याला सांगितलं आणि फोटोग्राफरला खूण केली. म्हातारा बोलतच होता, देवीची शपथ घेत होता, तेवढ्यात शाल त्याच्या खांद्यावर पडली.

गावकऱ्यांपैकी एक जण त्याला खाली आणायला उठला. तिने त्याला हाताने अडवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांचं होऊ दे."