टेकूचं वजन

माझ्या जावयाचं वजन हीच त्याची नोकरी आहे, आणि ती नोकरी मी जवळजवळ घालवली होती.

फेतू रग्बी खेळतो. आईवडील सामोआ बेटांवरचे, तो मात्र कॅलिफोर्नियात वाढलेला. पोटासाठी न्यूझीलंड, फ्रान्स असं हिंडून, मान आणि दोन्ही गुडघे दुरुस्त करून घेऊन तो पुन्हा इकडे, कॅलिफोर्नियातल्याच एका क्लबात आला. या खेळात दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड लोक डोकी एकमेकांत अडकवून रेटारेटी करतात, तेव्हा पहिल्या रांगेत कडेला असतो तो प्रॉप. फेतू प्रॉप आहे. माझी बायको कुंदा नागपुरात मराठी शिकवायची. तिनं या शब्दाचं सरळ भाषांतर केलं. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "जावई काय करतात हो?" की ती शांतपणे सांगायची, "टेकू आहेत." (एका काकूंनी कित्येक महिने आमच्या लेकीची, रश्मीची कीव केली. नोकरी सुटलेल्या माणसाबद्दल सुशिक्षित लोक असं बोलत असावेत, असा त्यांचा समज झाला होता.)

कुंदा गेली तेव्हा सीझन तोंडावर आला होता. फेतूचं वय टेकूच्या मानानं उतरणीला लागलेलं. क्लबानं सांगितलं होतं, आणखी एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देऊ, पण वजन ठरल्याइतकं भरलं पाहिजे. हलक्या टेकूला मागचा रेटा सोसत नाही. मग मोडते ती त्याचीच मान.

सांता क्लारातल्या रश्मी-फेतूच्याच घरात कुंदा आणि मी राहत होतो, आता आमच्यातला मी एकटा. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी फेतू माझ्यासमोर येऊन बसला. सोफा नेहमीसारखा त्याच्या बाजूला कलला, आणि मीही.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुमच्यात आता काय करतात? मला चूक करायची नाहीये."

कुणाला एका वाक्यात उत्तर देणं मला जन्मात जमलेलं नाही. मी ग्रंथपाल होतो. माणूस पत्ता विचारायला येई आणि मी त्याला गावाचा इतिहास सांगे. मी सुरुवात केली. जुन्या काळी सुतक कसं पाळत, घरात चूल कशी पेटत नसे, पोटभर जेवणं कसं अनुचित मानत. एवढं सविस्तर सांगून मी मुद्द्यावर येणारच होतो, की आम्ही बौद्ध, आमच्यात यातलं काहीही नाही. तेवढ्यात नागपूरहून फोन आला. फोन आटोपला तेव्हा समोर फेतू नव्हता आणि मुद्दा माझ्याकडेच राहिला होता.

त्या दिवसापासून फेतूनं जेवण सोडलं. सकाळी काळी कॉफी, संध्याकाळी एखादं केळं. जो माणूस नाश्त्याला अंड्यांचा अख्खा ट्रे संपवायचा, त्याच्या हातात एकटं केळं पाहून मला भरून आलं. वाटलं, पोटच्या मुलानं केला नसता इतका शोक हा करतोय. त्याच्यासमोर आपण ताट वाढून घेणं बरं दिसेना. तसाही माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मीही चहावर राहिलो.

रश्मी कामाच्या आणि फोनांच्या रगाड्यात होती. क्लबाच्या ट्रेनरनं फेतूचं वजन केलं तेव्हा सगळं उघडकीस आलं. काटा इतका खाली थांबला की त्यानं आधी काटाच बदलून पाहिला. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात शेवटचं वजन. भरलं नाही तर एक तरणा पोरगा तयार आहे.

घरी आल्यावर रश्मीनं मला गाठलं. "बाबा, ही इज स्टार्विंग, यार. का?"

"आईचं दुःख, बेटा."

"नो. तो म्हणतो, तुम्हीच सांगितलंत जेवायचं नाही."

मी फेतूला बोलावून व्याख्यानाचा उरलेला भाग पूर्ण केला. त्यानं मान डोलावली, थँक यू म्हणाला, आणि तरीही जेवेना. टेबलाशी बसून माझ्याकडे बघत राही. मला वाटलं, अजून शंका आहे. म्हणून मी आणखी थोडं समजावलं.

शेवटी रश्मीनं त्याच्या आईला फोन केला. लोसाताई दोन तास गाडी चालवून आल्या त्या डब्यांसकट. मला कडकडून मिठी मारली, समोर बसवलं, ताट ठेवलं आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आय."

मी गहिवरलो. महाराष्ट्रात कित्येक खेड्यांत आईला आय म्हणतात. ही बाई इतक्या दूरच्या बेटावरची, आणि कुंदासाठी तोच शब्द.

"हो," मी म्हणालो. "आय गेली."

"आय," त्या म्हणाल्या आणि ताटात डुकराच्या मटणाचा डोंगर रचला.

"फार चांगली होती."

"आय, आय." आता भात.

मी रुमाल काढला. रश्मीचा चेहरा विचित्र झाला होता. "बाबा, त्यांच्या भाषेत 'आय' म्हणजे ईट. त्या म्हणतायत, जेवा."

लोसाताईंनी मग इंग्रजीत नीट समजावलं. "घरातला मोठा माणूस जेवल्याशिवाय माझा मुलगा घास घेणार नाही. तुम्ही उपाशी, म्हणून तो उपाशी. त्याला खेळायचं असेल तर तुम्हाला जेवावं लागेल."

फेतू खाली बघत होता. कुंदा गेल्यापासून माझ्यावाचून कुणाचं काही अडत असेल, असं मला वाटलं नव्हतं. ताटात नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती. नागपुरात आम्ही त्याला धोपा म्हणतो. मी घास घेतला. तो उतरायला वेळ लागला, पण उतरला. समोर फेतूनं चमचा उचलला.

पण हा उपाय दर जेवणाला करावा लागतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी थांबलो की तो थांबे. त्याची दुसरी वाढ हवी तर माझी दुसरी वाढ आधी. रश्मी दारातून बजावायची, "बाबा, प्लीज, अजून एक. आमच्या घराचा प्रश्न आहे." मी पाणी प्यायलो तरी लोसाताई म्हणत, "आय." चष्मा पुसायला घेतला तरी, "आय."

वजनाच्या दिवशी फेतू आणि रश्मीनं मला सोबत नेलं. घरून निघताना आणि गाडीत, दोनदा जेवण झालं. फेतू काट्यावर चढला. काटा बराच वेळ डगमगला आणि हव्या त्या आकड्याच्या किंचित वर थांबला. ट्रेनरनं कॉन्ट्रॅक्टचा कागद पुढे केला आणि विचारलं, "आठवड्यात हे कसं जमवलंस? न्यूट्रिशनिस्ट कोण?"

फेतूनं भिंतीपाशी बाकावर बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. ट्रेनर अदबीनं हात पुढे करून आला. मी उठून उभं राहायला हवं होतं, पण मला कुणीतरी टेकू दिल्याशिवाय उठवेना.