तोफेची बैठक

आमच्या यार्डात ती गस्तीनौका आली तेव्हा तिच्या पुढच्या डेकवरची जुनी तोफ आधीच काढून नेलेली होती. उरली होती फक्त बैठक, डेकला वेल्ड केलेलं जाड पोलादी कडं. नवी तोफ क्रेनने वर चढवली आणि तिची भोकं बैठकीच्या एकाही बोल्टशी जुळेनात. बैठक कापावी, तर खाली दारूगोळ्याची खोली. मग ठरलं, मध्ये एक चकती घालायची. खालची भोकं जुन्या बैठकीची, वरची नव्या तोफेची.

चकती लेथवर मी कातून काढली. बसवायचं काम माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे आलं. मी कंपनीत कायम, तो ठेकेदाराकडून. काम एकच, फक्त हेल्मेटचा रंग वेगळा.

खाऱ्या वाऱ्याने बैठक एका अंगाला खाल्ली होती, चकती टेकेना. दादा चकतीला खालून निळा रंग लावायचा, आम्ही ती बैठकीवर ठेवून उचलायचो, आणि जिथे निळं उमटेल तिथला उंचवटा तो हाताने खरवडून काढायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. एप्रिलचं ऊन, डेकवर हात ठेववत नव्हता. दादा मात्र तोंडाने मृदंगाचे बोल म्हणत बसलेला. आमच्या गावच्या शिमग्यातल्या नमन-खेळ्यांत मृदंग त्याचा, शिमगा संपला तरी तो त्याच्या बोटांतून जात नसे.

समुद्रातल्या चाचणीला यार्डाचा एक माणूस हवा होता. दर फैरीनंतर बोल्ट सैल झालेत का, ते बघायला. "ज्यानं बसवली त्यालाच पाठवा," साहेब म्हणाले. कानांवर लावायची टोपणं मोजकीच होती, ती चाचणी बघायला आलेल्या पाहुण्यांना गेली. सुपरवायझरने दादाला कापूस दिला.

बोट परत आली तेव्हा मी जेटीवर होतो. "कशी झाली?" मी विचारलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"बसली," तो एकदम मोठ्याने म्हणाला. "केसभर हलली नाय."

दोन दिवसांनी येईल ऐकू, असं सगळेच म्हणाले. यार्डात पेढे वाटले, तोफेपाशी फोटो निघाले. दादाच्या कानात शिट्टी वाजतच राहिली. गावात चिंचेखाली बसलेल्या माणसांत तो नुसता हसायचा, कुठे हसायचं ते दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखून.

पुढच्या वेळी ठेका बदलला आणि नव्या ठेकेदाराने सगळ्यांची तपासणी करवली. दादा नापास. ऐकू येत नाही, यार्डात धोका, म्हणून कामावरून कमी केला. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, त्याचे कान आपल्याच कामात गेले."

"आधीपासूनच गेलेले नसतील कशावरून? कामावर घेताना तपासले होते का?"

तपासले नव्हते. ठेकेदाराच्या माणसांचे कान कोण तपासतो? साहेबांना ते ठाऊक होतं, म्हणूनच तर त्यांनी विचारलं. आवाजही चढवला नाही. मी खाली आलो आणि लेथ सुरू केलं. घरी दोन मुलं शिकतायत.

त्या शिमग्याला दादा मृदंग गळ्यात घालून उभा राहिला. गाणं पुढे गेलं, याचा हात मागेच. दोन गाणी झाल्यावर त्यानेच मृदंग काढून पुतण्याच्या गळ्यात घातला आणि माणसांतून वाट काढत घरी गेला. मी मागोमाग गेलो, तर म्हणाला, "तू थांब रे. तुला ऐकू येतंय ना." टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

आता वयनी, दादाची बायको, एसटी स्टँडबाहेर भाजी घेऊन बसते, काजूगर निघाले की ते. दादा भाजीचे हारे उचलतो, गिऱ्हाइकाशी बोलायचं तिने. पूर्वी मी गेलो की ती आधी गोणपाट झटकून बसायला द्यायची. परवा मी समोर उभा राहिलो, तर मान वर न करता म्हणाली, "काय देऊ?"

मी माठाची एक जुडी घेतली.