सोनीच्या कागदावरचा शेरा

मी शिकलो ते नानासाहेबांमुळे. नागपूरला वसतिगृहात जागा त्यांनी मिळवून दिली, बी.ए.ची पुस्तकं दिली, शिक्षकांच्या ट्रेनिंगला त्यांनीच बसवलं. तिथं तेच आमचे प्राध्यापक. एक दिवस भर वर्गात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा मुलगा. बुद्धी रक्तातून येते, या नियमाला हा अपवाद."

सगळे कौतुकानं हसले. मीही हसलो.

मग त्यांनी मांजराचा प्रयोग शिकवला. कोंडलेलं मांजर बाहेरच्या मासळीसाठी धडपडतं, चुकत चुकत खटका दाबायला शिकतं. मागून कोणी म्हणालं, "मासळी ठेवायची? मग याच्या घरचे सगळे पास!" नानासाहेबही हसले. मी मान खाली घालून प्रयोग वहीत उतरवला.

प्रात्यक्षिकासाठी ते आम्हाला कुरखेड्याकडे, माझ्याच गावी घेऊन आले. शाळेतल्या मुलांची बुद्धी मोजायची. माझ्या वाट्याला माझीच भाची आली, सोनी. ज्याच्यावर 'मंद' असा शेरा पडेल त्याला दुसरीत घ्यायचं नाही, शाळेतूनच काढायचं, असं हेडमास्तरांनी ठरवलं होतं. शेऱ्याखाली सही माझी. आणि नानासाहेबांची सही माझ्या वहीवर पडली नाही तर मला सर्टिफिकेट नाही.

कागदावर तिरपा चौकोन छापलेला होता, शंकरपाळ्यासारखा. बघून तसाच काढायचा. सात वर्षांच्या मुलाला तो यावा, असं शास्त्र सांगत होतं. सोनी आठची. तिच्या पेन्सिलीखाली चारही कोपरे गोल झाले.

"मामा, मले नाई जमत."

माझी बहीण, सोनीची माय, दाराशी उभी होती. ती नानासाहेबांना म्हणाली, "साहेब, थे जाळं इनते. तिले सूत देऊन पाहा ना."

सोनीनं बांबूची पट्टी धरली, सुई फिरवली. जाळ्याचे एकाखाली एक तिरपे चौकोन पडत गेले. सगळे सारखे. आमच्यात हे कोणी सांगून शिकवत नाही. पोर मायजवळ बसतं, बघतं. चुकलं तर माय गाठ सोडते आणि सूत परत त्याच्या हातात देते. बस.

"ही सवय," नानासाहेब म्हणाले. "बुद्धी नव्हे. लिही, मंद."

"सर, चौकोन तोच आहे."

"तुझ्यासाठी इतकं केलं ते हे ऐकायला?"

त्यांनी दिलेलं प्रत्येक पुस्तक आठवलं. पेन कागदावर टेकलेलं. बहिणीला वाचता येत नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"भाऊ, का लिवून राह्यला तू?"

तेव्हा कळलं. मला अपवाद म्हणून वर उचललं, तेव्हाच सोनीला खाली ठेवलं होतं. वर्गात मी हसलो, तीच माझी पहिली सही.

मी 'मंद' लिहिलं नाही. वर्ग नागपूरला परतला. मी गावीच राहिलो आणि तिसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं:

"ती. नानासाहेब यांस सादर नमस्कार.

तुमच्यामुळे मी शिकलो, हे मरेपर्यंत सांगेन. पण माझे उदाहरण यापुढे कोणत्याही वर्गात देऊ नका. सोनीच्या कागदावर मी लिहिले, 'पेन्सिलीने जमले नाही, सुताने अचूक केले.' खाली सही केली. असला शेरा चालत नाही म्हणून हेडमास्तरांनी तिला शाळेतून काढले. माझ्या वहीवर तुम्हीही सही करणार नाही, हे ठाऊक आहे. करू नका. सोनी आणि मोहल्ल्यातली शाळेबाहेर राहिलेली इतर पोरे कालपासून माझ्याकडे शिकत आहेत. पुढल्या वर्षी त्यांना घेऊन मी त्याच शाळेच्या दारात उभा राहणार आहे. ती सगळी आत बसल्याशिवाय मी तिथून हलणार नाही."